विश्लेषण : नेत्याची वाहिनी, सरकारची केबल… ‘कलैग्नार टीव्ही’च्या कहाणीतून काय दिसते?

तमिळनाडूत कोणती वाहिनी कोणत्या पक्षाची, हे शेंबडे पोरही सांगू शकते. ‘जया टीव्ही’ जयललितांची, ‘कॅप्टन टीव्ही’ अभिनेते-नेते विजयकांत यांची, ‘मक्कल टीव्ही’ पीएमकेची आणि ‘कलैग्नार टीव्ही’ करुणानिधींच्या कुटुंबाची. नेत्याने वृत्तपत्र काढण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पण टीव्ही वाहिनीचे गणित वेगळे असते. वृत्तपत्र छापून विकता येते. वाहिनी मात्र केंद्राच्या परवानगीशिवाय सुरू होत नाही आणि कोणाच्या तरी केबलवर जागा मिळाल्याशिवाय घरात पोहोचत नाही.

या दोन अटींमुळे नेता वाहिनीचा मालक झाला की सरकार, पक्ष, कुटुंब आणि धंदा एकमेकांत गुंततात. ‘कलैग्नार टीव्ही’च्या जन्माआधीचे काही महिने आणि नंतरची चार वर्षे या काळात हा गुंता जितका उघडपणे दिसला, तितका तो क्वचितच दिसतो. या काळात एका वृत्तपत्राच्या तीन कर्मचाऱ्यांचा जीव गेला, एक केंद्रीय मंत्री पायउतार झाला, एक सरकारी केबल कंपनी जन्माला येऊन मरणपंथाला लागली आणि एक खासदार तुरुंगात गेल्या. यातून पुढे आलेले प्रश्न आजही सुटलेले नाहीत.

‘कलैग्नार टीव्ही’ सुरू का झाली?

याचे उत्तर ‘सन टीव्ही’मध्ये आहे. करुणानिधींचे भाचे आणि माजी केंद्रीय मंत्री मुरासोली मारन यांचे पुत्र कलानिधी मारन यांनी एप्रिल १९९३ मध्ये ही वाहिनी सुरू केली. तोवर तमिळ प्रेक्षकापुढे प्रामुख्याने दूरदर्शनच होते. चित्रपट, मालिका आणि बातम्या यांच्या बळावर ‘सन’ लवकरच दक्षिणेतील सर्वात बलाढ्य वाहिनी समूह झाला आणि २००६ मध्ये शेअर बाजारातही आला. त्याचे कार्यालय चेन्नईत द्रमुकच्या मुख्यालयात, ‘अण्णा अरिवालयम’मध्येच होते. द्रमुकला त्यामुळे स्वतःची वाहिनी काढण्याची गरजच नव्हती. घरचीच वाहिनी हाताशी होती.

मे २००७ मध्ये हे घर फुटले. मारन समूहाच्या ‘दिनकरन’ या दैनिकाने करुणानिधींचा राजकीय वारस कोण असावा, यावर जनमत चाचणी छापली. तीत एम. के. स्टॅलिन यांना ७० टक्के पसंती होती आणि त्यांचे थोरले बंधू एम. के. अळगिरी यांना अवघी दोन टक्के. अळगिरींचा दबदबा मदुराईत होता. ९ मे रोजी जमावाने ‘दिनकरन’चे मदुराई कार्यालय पेटवले आणि त्यात तीन कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. या प्रकरणातील सर्व आरोपी २००९ मध्ये सत्र न्यायालयातून सुटले. मार्च २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तो निकाल फिरवून नऊ जणांना जन्मठेप सुनावली.

हल्ल्यानंतर काही दिवसांतच कलानिधींचे बंधू दयानिधी मारन यांना केंद्रीय दूरसंचार मंत्रिपद सोडावे लागले. त्यांच्या जागी द्रमुकचे ए. राजा आले. ‘सन’नेही यथावकाश पक्ष मुख्यालयातून बाड-बिस्तारा हलवला. सत्ता हाती आहे, पण राज्यातील सर्वात मोठी वाहिनी आता आपली नाही, अशी वेळ करुणानिधींवर आली.

१५ सप्टेंबर २००७ रोजी, अण्णादुराई यांच्या जयंतीला, ‘कलैग्नार टीव्ही’ सुरू झाली. ‘कलैग्नार’ म्हणजे कलावंत. पटकथाकार करुणानिधींची ही उपाधी. नव्या वाहिनीचा कारभार ‘अण्णा अरिवालयम’मधूनच चाले. कागदोपत्री करुणानिधी मालक नव्हते. कंपनीत त्यांच्या पत्नी दयाळू अम्मल यांचा हिस्सा ६० टक्के, कन्या व खासदार कनिमोळी यांचा २० टक्के आणि व्यवस्थापकीय संचालक शरदकुमार यांचा २० टक्के होता.

वाहिनी काढली की काम संपत नाही का?

नाही, आणि या विषयात सामान्य प्रेक्षकाच्या नजरेतून सुटणारी गोष्ट नेमकी हीच आहे. वाहिनीचा सिग्नल उपग्रहावरून थेट आपल्या घरात येत नाही. मोठी केबल कंपनी, म्हणजे एमएसओ, तो आपल्या नियंत्रण कक्षात उतरवून घेते. तेथून तो गल्लीतल्या केबलवाल्याकडे जातो आणि त्याच्या तारेवरून आपल्या टीव्हीत येतो. डीटीएच येण्यापूर्वी घरात पोहोचण्याची जवळपास हीच एक वाट होती.

या वाटेवर बसलेल्याच्या हाती बरेच काही असते. त्या काळच्या अ‍ॅनालॉग केबलमध्ये वाहिन्यांना जागाच कमी होती. एखादी वाहिनी पहिल्या दहा क्रमांकांत दिसते की साठाव्या, चित्र स्वच्छ येते की मुंग्या येतात, ऐन निवडणूक सभेच्या वेळी ती ‘तांत्रिक कारणाने’ बंद पडते का, हे सगळे केबल कंपनीवर अवलंबून असे. नव्या वाहिन्यांना केवळ जागा मिळवण्यासाठी वहन शुल्क मोजावे लागे.

चेन्नईसह तमिळनाडूच्या मोठ्या भागात ही वाट ‘सुमंगली केबल व्हिजन’कडे होती आणि ती कंपनीही मारन समूहाचीच. म्हणजे प्रतिस्पर्धी वाहिनी घरोघर न्यायची की नाही, हे ठरवणाऱ्याचीच स्वतःची वाहिनी बाजारात होती. ‘सन’चा दबदबा कार्यक्रमांच्या लोकप्रियतेतून आला होता, हे खरेच. पण वाहिनी आणि केबल एकाच घरात असणे, हा त्या दबदब्याचा दुसरा पाया होता.

जयललितांनी हे आधीच ओळखले होते. मुख्यमंत्री असताना जानेवारी २००६ मध्ये त्यांनी बड्या केबल कंपन्या सरकारच्या ताब्यात घेण्याचे विधेयक विधानसभेत मंजूर करून घेतले होते. ते अमलात येण्याआधीच मे २००६ मध्ये त्यांची सत्ता गेली. त्या वेळी द्रमुकच्या दृष्टीने हा प्रकार म्हणजे माध्यमांवरचा घाला होता. दीड-दोन वर्षांत खुद्द द्रमुकवरच केबलसाठी सरकारी यंत्रणा उभारण्याची वेळ आली.

‘अरसु केबल’ म्हणजे काय?

‘अरसु’ म्हणजे सरकार. ऑक्टोबर २००७ मध्ये, ‘कलैग्नार टीव्ही’ सुरू झाल्यानंतर महिनाभरातच, ‘तमिळनाडू अरसु केबल टीव्ही कॉर्पोरेशन’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. केबलमधील मक्तेदारी मोडणे आणि लोकांना स्वस्त सेवा देणे, हे जाहीर उद्दिष्ट होते. सरकारी पैशातून नियंत्रण कक्ष उभे राहिले आणि २००८ मध्ये सेवा सुरू झाली.

मक्तेदारी होती, यात शंका नाही. सरकारी पर्यायाने ग्राहकाचा फायदा होऊ शकत होता, हेही मान्य करायला हवे. पण मारन कुटुंबाशी संबंध गोड होते, तोवर याच मक्तेदारीची सरकारला अडचण नव्हती. केबलधारकाच्या हिताची आठवण नेमकी मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबाची वाहिनी सुरू झाल्यावर कशी झाली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

याला आणखी एक पदर होता. २००६ च्या निवडणुकीत द्रमुकने घरोघर मोफत रंगीत टीव्ही देण्याचे आश्वासन दिले होते. सत्तेत आल्यावर दीड कोटीहून अधिक संच वाटण्यात आले. टीव्ही सरकारकडून आला, तरी त्यावर खासगी वाहिन्या पाहायच्या तर केबल जोडणी घ्यावीच लागते आणि तिचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात. संच सरकारचा, केबल सरकारी कंपनीची आणि तीवरून येणारी वाहिनी मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबाची, असे चित्र तयार होऊ लागले. निवडणुकीतील अशा मोफत वस्तूंचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. अशी आश्वासने म्हणजे कायद्याच्या अर्थाने ‘भ्रष्ट मार्ग’ नव्हेत, असे न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये म्हटले. मात्र जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखण्यासही निवडणूक आयोगाला सांगितले.

२००८ च्या अखेरीस काय बदलले?

त्या सुमारास तीन गोष्टी घडल्या.

पहिली, डिसेंबरमध्ये करुणानिधी आणि मारन बंधूंची दिलजमाई झाली. दयानिधी २००९ मध्ये पुन्हा केंद्रात मंत्री झाले. त्याबरोबर ‘अरसु केबल’मधील सरकारचा उत्साह मावळला. कंपनी कागदावर राहिली, पण सेवा जवळपास थंडावली. मक्तेदारी होती तशीच होती. बदलले होते ते फक्त घरातले संबंध. करदात्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक कंपनीचे भवितव्य एका कुटुंबातील रुसव्याफुगव्यांवर ठरले, हे या कहाणीतले सर्वात बोलके वास्तव आहे.

दुसरी, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, नोव्हेंबर २००८ मध्ये केंद्र सरकारला एक शिफारस केली. राजकीय पक्ष, राज्य सरकारे, स्थानिक स्वराज्य संस्था आणि धार्मिक संस्था यांना प्रसारणात किंवा केबलसारख्या वितरण व्यवसायात उतरू देऊ नये, असे तीत म्हटले होते.

तिसरी, डिसेंबरमध्ये ‘कलैग्नार टीव्ही’च्या खात्यात काही पैसे येऊ लागले. त्यांची चर्चा देशभर व्हायला मात्र आणखी दोन वर्षे जावी लागली.

२०० कोटींचे प्रकरण काय होते?

टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या तपासात सीबीआयने आरोप केला, की परवाना मिळालेल्या ‘स्वान टेलिकॉम’शी संबंधित डीबी समूहाकडून डिसेंबर २००८ ते ऑगस्ट २००९ या काळात २०० कोटी रुपये ‘कलैग्नार टीव्ही’कडे गेले. हा प्रवास मुंबईशी जोडलेला होता. पैसे डीबी समूहाच्या कंपनीकडून आणखी एका कंपनीत, तेथून ‘सिनेयुग’ या चित्रपट व्यवसायातील कंपनीत आणि तेथून चेन्नईच्या वाहिनीत गेले, असे आरोपपत्रात म्हटले होते. ज्या खात्याने परवाने दिले, त्याचे मंत्री ए. राजा हे वाहिनीच्या मालक कुटुंबाच्याच पक्षाचे होते. म्हणून ही लाच आहे, असा तपास यंत्रणेचा दावा होता.

वाहिनीचे म्हणणे होते, की हे कर्ज होते आणि ते व्याजासह फेडण्यात आले आहे. ही परतफेड तपासाचा फास आवळू लागल्यानंतर झाली, याकडे सीबीआयने बोट दाखवले. फेब्रुवारी २०११ मध्ये वाहिनीच्या कार्यालयावर छापा पडला. मे २०११ मध्ये द्रमुकचा विधानसभेत पराभव झाला आणि त्याच महिन्यात कनिमोळी यांना अटक झाली. नोव्हेंबरअखेर त्यांना जामीन मिळाला.

२१ डिसेंबर २०१७ रोजी दिल्लीतील विशेष न्यायालयाने राजा, कनिमोळी, शरदकुमार यांच्यासह सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. आरोप सिद्ध करण्यात अभियोग पक्ष अपयशी ठरला, असे न्यायालयाने म्हटले. सीबीआयने या निकालाला आव्हान दिले आणि मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपिलाची परवानगी दिली. कायद्याच्या दृष्टीने आज हे सर्व जण निर्दोष आहेत आणि त्यांच्याकडे तसेच पाहायला हवे.

पण गुन्हा घडला की नाही, यापलीकडे एक प्रश्न उरतोच. वाहिनी हा पैसे खाणारा धंदा आहे. चित्रपटांचे हक्क, मालिका, ‘मानाड मयिलाड’सारखे नृत्याचे रिअ‍ॅलिटी शो, उपग्रहाचे भाडे, केबलवरची जागा या सगळ्याला सुरुवातीची काही वर्षे मोठे भांडवल लागते. सत्तेत असलेल्या कुटुंबाच्या वाहिनीला ते कोण देते? जाहिरात देणारा, कर्ज देणारा किंवा भागीदार होणारा उद्योजक चांगला कार्यक्रम पाहून पैसे गुंतवतो की खात्याच्या मंत्र्याकडे पाहून, हे बाहेरच्याला कधीच कळत नाही. व्यवहार पूर्ण कायदेशीर असला, तरी संशयाला जागा राहते. एरवी उद्योजकाने पक्षाला दिलेली देणगी निदान देणगी म्हणून ओळखता येते. वाहिनीला दिलेल्या पैशाला कर्ज, गुंतवणूक, जाहिरात यांपैकी कोणतेही नाव देता येते.

जयललितांनी काय वेगळे केले?

मे २०११ मध्ये सत्तेत परतताच जयललितांनी थंडावलेली ‘अरसु केबल’ झटकून उभी केली. सप्टेंबर २०११ पासून महिना ७० रुपयांत जोडणी देण्यात येऊ लागली. खासगी केबलचे दर याहून बरेच जास्त होते. सामान्य ग्राहकाला ही योजना आवडली, यात नवल नाही. मात्र सुरुवातीच्या यादीत ‘सन’ समूहाच्या वाहिन्या नव्हत्या आणि सरकारी केबल चालवणाऱ्या मुख्यमंत्र्यांच्या पक्षाची ‘जया टीव्ही’ही बाजारात होती. करुणानिधींनी मारन यांच्यावर रोखलेले हत्यार जयललितांनी उचलले, एवढाच फरक.

वृत्तवाहिन्यांनाही याची झळ बसली. जून २०१८ मध्ये अण्णाद्रमुकच्या राजवटीत ‘पुथिया थलैमुराई’ या वृत्तवाहिनीवर एका चर्चा कार्यक्रमावरून गुन्हा दाखल झाला आणि त्याच सुमारास ‘अरसु केबल’वर ही वाहिनी मागच्या क्रमांकांवर ढकलली गेली. तीवर कोणी बंदी घातली नव्हती. फक्त ती चटकन सापडेनाशी झाली.

‘जया टीव्ही’ची पुढची कथाही नेत्यांनी वाचावी अशी आहे. जयललितांच्या निधनानंतर वाहिनी शशिकला यांच्या कुटुंबाकडे राहिली आणि सत्ताधारी अण्णाद्रमुकला २०१८ मध्ये ‘न्यूज जे’ ही नवी वाहिनी काढावी लागली. कार्यकर्ते ज्या वाहिनीला पक्षाची समजत होते, ती पक्षाची नव्हतीच.

इतर राज्यांत आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

तमिळनाडू हा अपवाद नाही. केरळात माकपशी जवळीक असलेली ‘कैरली’ २००० पासून आहे आणि काँग्रेसची ‘जयहिंद’ २००७ पासून. आंध्र प्रदेशात जगनमोहन रेड्डी यांच्या कुटुंबाची ‘साक्षी’, तेलंगणात के. चंद्रशेखर राव यांच्या पक्षाची ‘टी न्यूज’ आहे. आसाममध्ये ‘न्यूज लाइव्ह’ ही वाहिनी मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांच्या पत्नीच्या कंपनीची आहे.

केबलचा वापरही तसाच होतो. जून २०१४ मध्ये तेलंगणा राज्य होताच ‘टीव्ही ९’ आणि ‘एबीएन आंध्र ज्योती’ या वाहिन्या तेथील केबलवरून गायब झाल्या. आमदारांचा आणि राज्याचा अवमान झाला, हे कारण होते. जून २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात सत्तांतर झाले आणि ‘साक्षी’, ‘टीव्ही ९’सह चार वाहिन्या केबलवर दिसत नसल्याची तक्रार वायएसआर काँग्रेसने ‘ट्राय’कडे केली. दोन्ही वेळा पक्ष वेगळे होते, पद्धत एकच होती.

महाराष्ट्रात राजकारण आणि माध्यमे यांचे नाते मुख्यतः छापील वृत्तपत्रांतून आले. १९८८ पासूनचा ‘सामना’ हे शिवसेनेचे उघड मुखपत्र. नारायण राणे यांच्याशी संबंधित ‘प्रहार’ २००८ मध्ये आला. ‘लोकमत’चे दर्डा कुटुंब काँग्रेसच्या राजकारणात होते आणि २००८ मध्ये हा समूह ‘आयबीएन लोकमत’ या वाहिनीत भागीदार झाला. ‘सकाळ’ समूहाची ‘साम’ वाहिनीही त्याच वर्षीची. या समूहाचे नेतृत्व शरद पवार यांच्या बंधूंच्या कुटुंबाकडे आहे. तमिळनाडूप्रमाणे सरकारी केबल कंपनी किंवा प्रत्येक पक्षाची वाहिनी असा प्रकार येथे झाला नाही. मात्र केबलच्या धंद्यात राजकारण नाही, असेही नाही. केबलचालकांच्या पक्षनिहाय संघटना मुंबईकरांना परिचित आहेत.

कायदा काय म्हणतो?

घटनेनुसार प्रसारण हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे. वाहिनीला परवानगी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय देते. पण केबल ज्या विजेच्या खांबावरून जाते तो राज्याच्या वीज कंपनीचा, रस्ता पालिकेचा आणि बंदोबस्त राज्य पोलिसांचा असतो. केबल कायद्याखालील कारवाईचे अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांना आहेत. म्हणून कागदावर केंद्राचा असलेला विषय प्रत्यक्षात राज्यातील सत्ताधाऱ्यांच्या हातात येतो.

प्रसारण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये स्पष्ट केले. १९९७ च्या प्रसारण विधेयकात राजकीय संस्थांना परवाना नाकारण्याची तरतूद होती, पण ते विधेयक कायदा झालेच नाही. ‘ट्राय’ने २००८ ची शिफारस डिसेंबर २०१२ मध्ये पुन्हा केली. ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यम मालकीवरील शिफारशींत तिसऱ्यांदा केली आणि त्या वेळी पक्षांच्या वतीने पुढे येणाऱ्या आडून मालकांचाही उल्लेख केला. एवढे होऊनही २०१७ मध्ये केंद्राने ‘अरसु केबल’ला डिजिटल सेवेचा परवाना दिला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मंत्रालयाने राज्य सरकारे आणि त्यांच्या कंपन्यांनी प्रसारण व वितरणातून ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत बाहेर पडावे, असे कळवले. ही सूचना सरकारांपुरती होती. राजकीय पक्ष, नेते आणि त्यांचे कुटुंबीय तीत नव्हते. इतकी वर्षे सत्तेत वेगवेगळे पक्ष असूनही शिफारशीचा हाच भाग कोणी हाती घेतला नाही, हे योगायोगाने घडलेले नाही. आघाडीतल्या कोणत्या ना कोणत्या मित्राची वाहिनी असतेच.

निवडणूक काळापुरता एक नियम आहे. उमेदवाराने स्वतःच्या मालकीच्या वाहिनीवरून प्रचार केला, तर त्याची किंमत नेहमीच्या दरपत्रकाप्रमाणे त्याच्या खर्चात धरली जाते. पण तो नियम निवडणूक जाहीर झाल्यानंतरचा. त्याआधीच्या साडेचार वर्षांत रोज दाखवलेल्या बातम्यांचा हिशेब कोणी मागत नाही.

सरळ बंदी घातली तर?

ऐकायला हे सोपे वाटते. पण तीन अडचणी आहेत. पहिली अडचण अभिव्यक्ती स्वातंत्र्याची. पक्षाला वृत्तपत्र काढता येते, मग वाहिनी का नाही, हा युक्तिवाद न्यायालयात होईल आणि तो अगदीच पोकळ नाही. दुसरी अडचण व्याख्येची. नेत्याच्या नावावर वाहिनी नसेलच. पत्नी, मुलगी, व्याही, विश्वासू बिल्डर यांपैकी कुठे रेघ ओढायची? ‘कलैग्नार टीव्ही’तही करुणानिधी स्वतः भागधारक नव्हते. तिसरी अडचण अंमलबजावणीची. कोणती वाहिनी राजकीय, हे केंद्र सरकार ठरवणार असेल, तर विरोधकाची वाहिनी राजकीय आणि मित्राची ‘स्वतंत्र’ ठरायला वेळ लागणार नाही. शिवाय उद्योगपतींच्या मालकीच्या वाहिन्या निःपक्ष असतात, असा अनुभव कोणाचाच नाही.

म्हणून अग्रक्रम वाहिनीपेक्षा केबलला द्यायला हवा. पक्षाची वाहिनी पक्षाची म्हणून ओळखता येत असेल, तर प्रेक्षक तिच्या बातम्या पारखून घेऊ शकतो. पण दुसरी बाजू दाखवणारी वाहिनी केबलवर दिसतच नसेल, तर पारखणार काय? ‘ट्राय’च्या २०१७ च्या नियमांनुसार केबल कंपनीने मागणी करणाऱ्या वाहिनीला भेदभाव न करता जागा द्यायची असते आणि वहन शुल्कालाही मर्यादा आहे. हा नियम चांगला आहे. पण वाहिनी अचानक दिसेनाशी झाली, तर तिला लवाद किंवा न्यायालय गाठावे लागते. तोवर निवडणूक उरकलेली असू शकते. ठरावीक तासांत उत्तर देण्याचे बंधन केबल कंपनीवर आले, तर ‘तांत्रिक कारणा’ची सबब चालणार नाही. वाहिनी आणि केबल एकाच मालकाकडे किती प्रमाणात असावी, यालाही मर्यादा हवी. ही शिफारसही ‘ट्राय’च्या दप्तरात पडून आहे.

प्रेक्षकाला काय करता येईल?

मोबाइलवर बातम्या पाहणाऱ्याला हा सगळा जुन्या जमान्याचा विषय वाटेल. पक्षही आता यूट्यूबवर आले आहेत आणि केबलधारक कमी होत आहेत. पण घरातले वाय-फाय अनेकदा त्याच केबलवाल्याच्या तारेवरून येते. यूट्यूबवर पक्षासाठी काम करणाऱ्या वाहिनीची मालकी तर सॅटेलाइट वाहिनीपेक्षाही धूसर असते, कारण तिला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

सॅटेलाइट वाहिन्यांबाबत निदान काही गोष्टी तपासता येतात. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर परवानगी असलेल्या खासगी वाहिन्यांची यादी असते आणि तीत वाहिनीसमोर कंपनीचे नाव असते. त्या कंपनीचे संचालक, भागधारक आणि कर्जाचे तपशील कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून पाहता येतात. ‘कलैग्नार टीव्ही’मधील ६०-२०-२० ही वाटणी अशाच कागदांवर नोंदलेली होती. ही माहिती वाहिनीने स्वतःच पडद्यावर ठरावीक काळाने दाखवण्याची सक्ती केली, तर त्यासाठी कोणाच्याही अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर गदा आणावी लागणार नाही. मालकीची माहिती उघड करण्याचा आग्रह ‘ट्राय’नेही धरलेला आहे. बंदीचा वाद मिटेपर्यंत एवढे तरी सरकारला लगेच करता येण्याजोगे आहे.